सगळं औषध एकदम

सयाजीच्या मक्याभोवती रानडुकरांसाठी झटका मशीनची तार होती. आत घुसलेली मेंढी हाकलताना ज्योतिबाची मांडी तारेला लागली. तो बांधावर बसला तो बसलाच.

तसा झटका साधाच. गावात सगळ्यांनी कधी ना कधी खाल्लेला. पण ज्योतिबाच्या कमरेत कराडच्या डॉक्टरांनी नुकतीच औषध भरलेली प्लॅस्टिकची पट्टी बसवली होती. दुखऱ्या नसेला लागूनच. सोबत दिलेल्या डबीचं बटन दाबलं की बारीक करंट जातो, प्लॅस्टिक सैल होतं, थेंबभर औषध नसेवर उतरतं. पायातली कळ थांबते.

"आवं, बारक्या करंटला थेंब," बायको राहीबाई ओरडत आली, "मग एवढ्या झटक्याला किती?"

सगळं औषध एकदम. म्हणजे पाय कायमचा बधिर. मेंढरांमागं चालणाऱ्याचा पायच गेला तर उरलं काय?

पोरगा धनाजी उचलायला वाकला.

"हात लावू नगंस! तुज्या अंगात उतरंल!"

राहीबाईनं काठीनंच नवऱ्याला ढोसलं. "कळतंय का?"

"लागतंय की!"

"कुठं?"

"बरगडीत."

"बरगडीचं कोण इचारतंय?"

शेवटी मायलेकांनी रबरी चपला हातांत घातल्या आणि त्याला पिकअपमध्ये ढकललं. म्हसवड मागं पडलं तरी ज्योतिबा पायाकडंच बघत होता.

"आबा, पाय हलतोय न्हवं?"

"हलवून बघितला न्हाई."

"का वं?"

"न्हाई हलला म्हंजी?"

धनाजीनं गाडीचा वेग वाढवला.

कराडच्या दवाखान्यात डॉक्टर प्रांजल मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "आबा, ती पट्टी डबीच्याच करंटला उघडते. बाकी बघू. आधी पाय हलवा."

ज्योतिबानं डोळे मिटले. राहीबाईनंही मिटले. पाय हलला, आणि कमरेपासून घोट्यापर्यंत सण्णकन कळ गेली.

"आई गं! दुखतंय!"

"खरंच?"

"लय!"

राहीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघा मॅडम, दुखतंय! देवा सिद्धनाथा, दुखतंय वं!" धनाजीनं तिथूनच घरी फोन लावला. "काळजी करू नगा. आबाचं लय दुखतंय!"

मॅडमनी हसत डबी पुढं केली. "मग दाबा बटन. थांबेल आत्ता."

राहीबाई मागं सरकली. धनाजी दारात पोचला. ज्योतिबानं दोन्ही हातांनी पाय गच्च धरला.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. जरा दुखू दे. हाय एवढं तरी कळतंय."