कढणावर बंदी

"कढण म्हणजे पातळ, पाण्यासारखं," शब्दकोशाचे मुख्य संपादक पुढ्यातल्या वाटीकडे बोट दाखवत म्हणाले. "हे कढण नव्हे. फळ्यावरचा तो शब्द पुसा."

"नाही पुसत," कॅन्टीनच्या मावशी म्हणाल्या.

कोशाचा 'क' संध्याकाळी छापायला जायचा होता. त्यात साहेबांनी कढणाचा अर्थ 'आजाऱ्यास देण्याचे पातळ पेय' असा पक्का केला होता. उपसंपादकबाईंनी जेवताजेवता ही बातमी मावशींना सांगितली आणि ठिणगी पडली.

"कढवतात ते कढण. कढवलं की आटतं, आटलं की दाट होतं. माझी आई पातेल्यात डाव उभा राहिला तरच कढण म्हणायची. ती जन्मभर चुकीचं बोलली, असं छापणार तुम्ही?"

"आईंबद्दल आदर आहे. पण छापील दाखला आणा."

छापील दाखल्याशिवाय अर्थ घ्यायचा नाही, हा कार्यालयाचा नियम साहेबांनीच केला होता. त्यांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता.

"आई काय छापून बोलायची?" मावशी कडाडल्या. "लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. स्वयंपाक येत होता!"

सगळ्यांदेखत उलट उत्तर आलेलं पाहून साहेब इरेला पेटले. वाटी घेऊन ते तरातरा आपल्या टेबलाशी गेले, मागोमाग सगळं कार्यालय गेलं. "बघा," म्हणत त्यांनी वाटी उपडी धरली. "थेंब तरी पडतोय? याला कढण म्हणायचं?"

कढणाने साहेबांचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग ते एकगठ्ठा खाली आलं, नेमकं टेबलावर मांडलेल्या 'क'च्या शब्दकार्डांवर.

दुपारभर तीनशे कार्डं पंख्याखाली वाळत होती. बाई एकेक कार्ड फडक्याने पुसत होत्या. साहेबांनी मात्र तडकाफडकी परिपत्रक छापून दारोदार चिकटवलं: 'कढण या अतिशय दाट व चिकट पदार्थास कार्यालयात बंदी आहे. — मुख्य संपादक.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग एक प्रत कापून कोऱ्या कार्डावर डकवली आणि साहेबांपुढे ठेवली.

"दाखला मिळाला, साहेब. छापील आहे. सहीसुद्धा आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मजकूर तोच होता आणि नियमही त्यांचाच होता. 'दाट' हा अर्थ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. मग ओशाळून ते कॅन्टीनच्या दाराशी आले. दुपारपासून पोटात काही नव्हतं.

"मावशी, ते परिपत्रक मागे घेतो मी."

"खबरदार!" मावशींनी भरलेली वाटी त्यांच्यापुढे आदळली. "मागे घेतलंत तर आईचा दाखला जाईल. बंदी राहू द्या. मी ती रोज मोडेन."