मऊ जेवणाचा बेत

"यात अवघड काय आहे? आदल्या दिवशी सगळं करून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी फक्त गरम करून वाढायचं," जपूनदादा म्हणाला आणि त्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

जपूनदादा हे त्याचं घरचं टोपणनाव. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा. ओली फरशी, गॅसची नळी, माशाचा काटा... माणूस कशाकशाने जायबंदी होतो हे वाचून वाचून त्याचा सगळा धीर आटला होता. पाणी पिणाऱ्यालासुद्धा तो "जपून" म्हणायचा. अशा माणसाने तीसेक जणांचं जेवण अंगावर घेतलं ते मोठ्या आत्यामुळे. कुटुंबाचं हे वार्षिक जेवण इतकी वर्षं तिच्या घरी व्हायचं. यंदा तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा तिने जाहीर करून टाकलं, "कुणाला जमत असेल तर करा. नाहीतर यंदापासून बंद." दादाची बायको म्हणाली, बाहेरून मागवू. त्यावर आत्या फक्त "हं" म्हणाली. त्या "हं"ला घाबरूनच दादा बोलून गेला होता.

"करा मग," बायको म्हणाली. "मी त्या दिवशी पाहुण्यासारखी बसणार. कस्टर्ड सजवून देईन, बाकी तुमचं तुम्ही बघा."

बेत त्याने ठरवला तो मात्र स्वतःच्या सोयीचा. त्याच्या मागच्या दाढेवर डॉक्टरांनी नुकतीच तात्पुरती टोपी बसवली होती आणि कडक काही खाऊ नका म्हणून बजावलं होतं. म्हणून भोपळ्याचं सूप, भाज्या घातलेला मऊ भात आणि सुका मेवा न घातलेलं केळ्याचं कस्टर्ड. दात नसलेलं तान्हं बाळसुद्धा या पंगतीला बसू शकलं असतं. आदल्या दिवशी दुपारपासून खपून त्याने सगळं रांधलं, थंड केलं, फ्रीजमध्ये ठेवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला निर्धास्त झोप लागली.

सकाळी दात घासताना त्याची जीभ सवयीने मागच्या दाढेकडे गेली. तिथे टोपी नव्हती.

दादा बेसिन धरून उभा राहिला. काल स्वयंपाकाला लागताना टोपी होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यानंतर त्याने प्रत्येक पदार्थ चाखला होता. चाखला म्हणजे कसा, तर बायको पाहत नाहीये असं बघून चमचा तोंडात घातला होता आणि तोच चमचा परत पातेल्यात बुडवला होता. टोपी पोटात गेली असेल तर देव पावला. पण पातेल्यात असेल तर? घशात वस्तू अडकल्याच्या दाव्यांची एक जाडजूड फाईल ऑफिसात त्याच्याच कपाटात होती. आणि आत्या तर घाईघाईने जेवायची.

बायकोला सांगावं, असं एकदा मनात आलं. पण सांगितलं की सगळं जेवण कचऱ्यात जाणार, बाहेरून डबे येणार, आत्या "हं" म्हणणार आणि हे जेवण कायमचं बंद होणार. तेही त्याच्या एका दाढेपायी! त्याने तोंड मिटलं.

सूप त्याने गाळणीतून गाळलं. काही सापडलं नाही. भात परातीत पसरून तो बोटांनी चाचपत होता, तेवढ्यात बायको दारात आली.

"अहो, काय चाललंय?"

"मोकळा करतोय."

"भात मोकळा करताय की त्याची झडती घेताय?"

भातातही टोपी नव्हती. म्हणजे राहिलं कस्टर्ड. दादाने फ्रीज उघडला. मोठ्या काचेच्या भांड्यात कस्टर्ड घट्ट बसलं होतं आणि त्यावर बायकोने फळांच्या चकत्यांचं असं काही फूल मांडलं होतं की बघत राहावं. त्याचा फोटो कालच सगळ्या नातेवाइकांना गेला होता. 'मी आधी कस्टर्डच खाणार,' असं धाकट्या भावाने कळवलंही होतं. दादाने तरीही चमचा उचलला, पण तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आत्या नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली होती.

सूप निभावलं, भातही निभावला. आत्याने दोनदा भात घेतला आणि "बरा झालाय" असंसुद्धा म्हणाली. एरवी दादा हवेत तरंगला असता. पण त्याचं सगळं लक्ष कस्टर्डकडे होतं. कस्टर्डच्या वाट्या फिरल्या तसा तो मध्येच उभा राहिला आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला.

"सावकाश बरं का," तो म्हणाला. "नीट चावून खा."

धाकटा भाऊ थांबला. "दादा, कस्टर्ड चावायचं?"

"चावलेलं बरं."

"यात काही आहे का?" भावजयीने वाटी खाली ठेवत विचारलं.

"छे! काय असणार? केळी आहेत. पण केळंसुद्धा घशात अडकतं. आमच्याकडे एक केस आली होती..."

एकाची भीती दुसऱ्याला लागली. तीस माणसं जीव मुठीत धरून कस्टर्ड चावू लागली.

आणि आत्या एकदम थांबली.

तिचा हात तोंडाकडे गेला. चेहरा पांढराफटक पडला. तिने रुमाल तोंडाशी नेला, मूठ आवळली आणि दादाला मानेनेच स्वयंपाकघराकडे चलायची खूण केली. दादा तिच्यामागून असा निघाला, जणू हातात बेड्या पडल्या आहेत. आत गेल्यावर तिने दार लावून घेतलं.

"आत्या, मी सगळं सांगतो..."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली. "आधी शपथ घे. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

तिने मूठ उघडली. रुमालात दाढेची टोपी होती.

"माझी आहे रे ही. पडली," आत्या पुटपुटली.

अख्ख्या घराण्यात आत्याच्या दातांचा दरारा होता. "या वयातही सगळे दात माझे स्वतःचे आहेत," असं ती प्रत्येक जेवणात एकदा तरी ऐकवायची. भावजयांना तर त्यावरून टोमणे मारायची.

"म्हणजे तुझ्या दाढेला टोपी..."

"एका नव्हे, तीन दाढांना आहे. हळू बोल! त्या बायकांना कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. उद्याच जाऊन ही परत बसवून घेते."

गप्प राहिला असता तर दादा सुटला असता. पण त्याच्या दाढेची टोपी आत्याच्या दाढेवर बसणार, हे चित्र त्याला सहन होईना.

"आत्या," तो कसाबसा म्हणाला, "जिभेने चाचपून बघ बरं. तिन्ही जागेवर आहेत का?"

आत्याची जीभ तोंडातल्या तोंडात फिरली. एक, दोन... तिसरी टोपीही जागेवरच होती. मग आत्याने हातातल्या टोपीकडे पाहिलं, दादाच्या गालाकडे पाहिलं, आणि एवढी खमकी बाई सिंककडे धावली. बराच वेळ चुळा भरून झाल्यावर तिने तोंड पुसलं.

"गाढवा," ती म्हणाली, "तुझं गुपित माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. समजलं?"

"समजलं."

टोपी दादाच्या खिशात गेली. दोघं बाहेर आली तेव्हा सगळे चमचे हवेत थांबलेले होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," आत्या ठसक्यात म्हणाली. "जेवण छान झालंय. दरवर्षी इथेच करायचं आणि यानेच करायचं." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दादाच्या डोळ्यांत तर पाणी आलं. आत्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण कुणाचंही कौतुक खोट काढल्याशिवाय पुरं करायची तिला सवयच नव्हती.

"फक्त कस्टर्डमधले बदाम तेवढे पुढच्या वेळी भिजवून घाल. दाताखाली आले."

बायकोने वाटी खाली ठेवली.

"बदाम?" ती म्हणाली. तिने कस्टर्डकडे पाहिलं आणि मग सावकाश नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, जरा 'आ' करा बघू."

दादाने तोंड घट्ट मिटलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आत्यानेही.