कलम बासष्ट: लिफ्ट

तक्रार कशी लिहावी हे या जगात फक्त दोन माणसांना कळतं, असं कलमराव नेहमी सांगत. त्यातला दुसरा माणूस कोण, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही!

कलमराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना कलमं पाडायची सवय तेवढी बरोबर आणली. "कलम एक, चहा गार आहे. कलम दोन, साखर कमी आहे," असं ते सकाळी बायकोला सांगत. "कलम तीन, उद्यापासून स्वतः करून घ्या," असं बायको सांगे. साठीपुढच्या लोकांसाठी बांधलेल्या या तीन मजली इमारतीत ते राहायला आले आणि आठवड्याच्या आत शेजाऱ्यांनी त्यांचं बारसं केलं.

इमारतीच्या माहितीपत्रकावर 'उत्तम व्यवस्थापन, चोख देखभाल' असं छापलं होतं आणि खाली हसणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो होता. ते दोघं दुसऱ्याच इमारतीत राहत असावेत, असं रहिवाशांचं एकमताने मत होतं. इथे बागेतला नळ गळत होता. जिन्याजवळच्या भिंतीला ओल आली होती. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारत होता. मॅनेजर तिशीतला, कडक इस्त्रीचा, अतिशय नम्र. त्याला काहीही सांगा, तो मान झुकवून म्हणे, "नोंद घेतली आहे!" इमारतीला आग लागली असती तरी त्याने आधी नोंदच घेतली असती.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण लिफ्ट एकोणीस दिवस बंद होती, आणि कलमराव राहायचे तिसऱ्या मजल्यावर.

त्यांना स्वतःला जिन्याचं काही नव्हतं. पण वहिनींचे (म्हणजे त्यांच्या बायकोचे, सगळी इमारत तिला वहिनीच म्हणायची) दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर चार मैत्रिणी जमायच्या, त्यात त्या मधोमध बसायच्या. आता त्या गॅलरीत उभ्या राहून खालचा हशा तेवढा ऐकायच्या. "अगं, काय झालं गं?" असं वरून ओरडायच्या. खालून कुणीतरी मान वर करून तो विनोद पुन्हा सांगायचं, आणि तीन मजले चढून येईपर्यंत त्यातला जीव गेलेला असायचा. अठराव्या दिवसापासून त्या गॅलरीत जायच्याच बंद झाल्या. कलमरावांना हे बघवेना. पण तसं बोलून दाखवायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी गर्जना केली.

"येत्या शुक्रवारी संध्याकाळी तू खाली बाकावर बसलेली असशील! नाहीतर तक्रार लिहिणं सोडून देईन!"

"दोन्हीही झालं तर फार बरं होईल," वहिनी म्हणाल्या.

कलमरावांनी थेट मुख्य कार्यालयाला तक्रार लिहिली. चौदा पानं, बासष्ट कलमं! नळ किती गळतो हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं: चार सेकंदाला एक थेंब. भिंतीवरच्या ओलीभोवती रोज पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख घातली. लिफ्टला मुद्दाम शेवटचं कलम दिलं. घाव शेवटीच घालायचा असतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि चमत्कार झाला! उत्तर आलं: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयातून तपासणीसाठी बाई येतील.

कलमरावांनी बागेत सभा घेतली. "ऐका! कुणीही कशालाही हात लावायचा नाही. जे आहे ते जसंच्या तसं दिसलं पाहिजे. कोळिष्टकसुद्धा झाडायचं नाही, तो पुरावा आहे! मी चौतीस वर्षं पलीकडच्या बाजूला बसलोय. 'तपासणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे,' हे वाक्य माहितेय? ते मी घडवलंय! माझ्या खात्याने ते हजारो लोकांना पाठवलंय. ते आपल्याला येता कामा नये!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जरा जास्तच डोलावल्या, हे कलमरावांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

गुरुवारी दुपारी कलमराव नेहमीप्रमाणे एक ते चार झोपले. ही झोप म्हणजे झोप असायची. शेजारी भिंत पाडली तरी कूस बदलत नसत. उठल्यावर कुठेतरी रंगाचा वास येतोय असं त्यांना वाटलं. "तुम्हाला सगळीकडे वासच येतात," वहिनी म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला तपासणीच्या बाई आल्या. चष्मा, फाईल, कामाचं बोलणं. मॅनेजर मान झुकवून मागे. कलमरावांनी घसा साफ केला आणि मिरवणूक बागेत नेली.

"कलम एक! गळका नळ. कृपया घड्याळ लावा."

बाईंनी घड्याळ लावलं. चार सेकंद गेले. चाळीस गेले. दोन मिनिटं गेली. नळ ठणठणीत कोरडा! वर पितळ घासून असं लख्ख केलेलं की कलमरावांना त्यात स्वतःचा उघडा जबडा दिसला.

तळमजल्यावरचे प्लंबरदादा पलीकडे झाडांना पाणी घालत होते. कलमराव त्यांच्या कानाशी जाऊन फुसफुसले, "हे तुम्ही केलंत?"

"मग? चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले मी. परकी बाई येऊन आमच्याच दारातला नळ गळताना बघणार? माझी अब्रू काय राहिली?"

"सहा महिने गळत होता तेव्हा कुठे होती अब्रू?"

"तेव्हा घरातलेच बघत होते!"

कलमरावांनी दात आवळले आणि मोर्चा भिंतीकडे वळवला. "कलम दोन! ओल. दररोजची वाढ पेन्सिलीने..." भिंतीवर डोंगर होते! निळे, जांभळे, एकामागे एक, मधून नदी, आकाशात बगळे. समोरच्या दारात शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रॉइंगच्या बाई हाताला लागलेला रंग पुसत उभ्या होत्या.

"तुमच्या रेघा फार उपयोगी पडल्या हो," त्या कौतुकाने म्हणाल्या. "डोंगर आयतेच मिळाले! तारखांचे मी बगळे केले."

"अप्रतिम!" तपासणीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोनवर फोटो काढला.

दुसऱ्या मजल्यावरचा दिवा तर पापणी न हलवता जळत होता. शेजारचे वायरमन म्हणाले, "बाई अंधारात धडपडल्या असत्या म्हणजे? पाहुण्या माणसाला असं वागवतात का?" कोळिष्टकं गेली होती. पायपुसणी धुतली होती. जिन्याच्या वळणावर कुणीतरी फुलदाणीसुद्धा ठेवली होती! कलमराव एकेक कलम वाचत होते आणि बाई एकेक फुली मारत होत्या. मॅनेजरच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला होता की त्याचीही नोंद घ्यायला हवी होती.

वर आल्यावर कलमराव स्वतःच्या दारात थांबले. "तुला माहीत होतं?"

वहिनींनी खाली बघितलं. "मीच फोन केले सगळ्यांना. अहो, चार पानं लिहा नाहीतर चौदा, पण बाहेरचं माणूस दारात येणार आणि आपण त्याला केर दाखवायचा? मला नाही जमत."

"आणि तुझं खाली जाणं?"

"लिफ्टला कुठे कुणी हात लावलाय? वायरमनभाऊ म्हणाले, ते त्यांचं खातं नव्हे."

बरोबर होतं! लिफ्ट उरली होती! कलमरावांच्या अंगात पुन्हा बळ आलं. एकसष्ट कलमं बुडाली तर बुडू देत, बासष्टावं अजून तरंगत होतं. "कलम बासष्ट!" ते गरजले. "पंचवीस दिवस बंद! आता तरी बघा!" आणि त्यांनी बटण दाबलं.

खालून घुर्रर्र आवाज आला. दिवा लागला. दार उघडलं.

"आज सकाळीच चालू करून घेतली," मॅनेजर मान झुकवून म्हणाला. "नोंद घेतली होती."

वास्तविक इथे कलमरावांनी गप्प बसायला हवं होतं. बायको खाली जाऊ शकत होती, शुक्रवार होता, वचन पुरं होत होतं! पण चौतीस वर्षांचा तक्रारवाला असा कसा ऐकेल? "ही तात्पुरती डागडुजी आहे!" ते म्हणाले. "आत या, मी सिद्ध करतो." बाई आत गेल्या. मॅनेजरही गेला. लिफ्ट छान खाली निघाली. दुसरा मजला गेला.

"बघा, चालतेय की," बाई म्हणाल्या.

"चालतेय?" कलमराव म्हणाले, आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी लिफ्टमध्ये उडी मारली.

काही झालं नाही. त्यांनी दुसरी मारली. जरा मोठी.

खाट्! लिफ्ट थांबली आणि दिवा गेला.

"बंद पडली!" कलमराव अंधारात आनंदाने ओरडले. "बंद पडली! लिहा, बाई, लिहा! कलम बासष्ट!"

"तुम्ही उड्या मारल्यात म्हणून पडली," अंधारातून बाई म्हणाल्या. मॅनेजर अंधारात एकामागून एक बटणं दाबत होता.

वायरमनांनी बाहेरून हाक दिली: लिफ्टचा मेकॅनिक निघालाय, तासभर लागेल. तासभर! कलमरावांचा आनंद पाच मिनिटं टिकला. मग त्यांना जाणवलं की भिंती फार जवळ आहेत. हवा कमी झाल्यासारखी वाटली. इतक्या वर्षांत लिफ्टचा दरवाजा आतून कसा असतो हे त्यांनी कधी नीट बघितलं नव्हतं, आणि आता तर दिसतही नव्हता.

"अगं!" ते एकदम ओरडले. "अगं, ऐकतेस का?"

वरून, फार लांबून, आवाज आला. "आहात ना हो आत?"

"आहे! पण... पण मला भीती वाटतेय गं!"

मग जिन्यावरून एक विचित्र आवाज येऊ लागला. धप. थांबणं. धप. थांबणं. वहिनी एकेका पायरीवर बसत, सरकत खाली येत होत्या. गुडघे वाकत नव्हते म्हणून त्या वाकवतच नव्हत्या. मध्येच प्लंबरदादा "अहो वहिनी, पडाल!" म्हणाले आणि "बाजूला व्हा!" असं उत्तर ऐकून बाजूला झाले. अर्ध्या तासाने आवाज थेट दाराच्या फटीतून आला.

"आले मी. इथेच बसलेय. भिंतीला टेका आणि मला सांगा, कलम एक काय?"

"कलम एक... घसा कोरडा पडलाय."

"कलम दोन?"

"कलम दोन, तू आलीस ते बरं झालं."

लिफ्टमध्ये कुणी हसलं नाही. तपासणीच्या बाईंनी तर अंधारात नाक ओढलं म्हणे. मॅनेजरने ही नोंद कुठे केली नाही, हा त्याचा मोठेपणा.

मेकॅनिकने हाताने चक्र फिरवत लिफ्ट तळमजल्यावर उतरवली. कलमराव बाहेर आले तेव्हा वहिनी उरलेल्या पायऱ्या संपवत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी त्या बाकावर मधोमध बसल्या होत्या आणि बाग हशाने दणाणली होती. विनोद अर्थातच उडीचा होता, आणि या वेळी तो त्याच सांगत होत्या!

"बघ, शुक्रवारी खाली आणलं की नाही?" कलमराव छाती काढून म्हणाले.

"मी बसत बसत उतरले. तुम्ही काय केलंत?"

"मी कारण पुरवलं!"

पण खाली आलेल्या वहिनी वर कशा जाणार, याचं कलम कुणीच लिहिलं नव्हतं. लिफ्ट महिनाभर पूर्ण बंद ठेवून सगळी नवी बसवायची, असा बाईंचा हुकूम निघाला. मग तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली दोघांना मिळाली. वहिनी सुखात होत्या, बाक दहा पावलांवर होता. पण संसार मात्र तिसऱ्या मजल्यावर होता! कलमराव दिवसातून आठ वेळा वर जात. लोकर आणा. सुया आणा. या नव्हेत, जाड सुया आणा.

दहाव्या दिवशी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत अशी पाटी लावावी, असं त्यात होतं. बाकीच्या एकसष्ट कलमांबद्दल एकच ओळ होती: तपासणी केली असता तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

कलमरावांनी ते दोनदा वाचलं. "एका शब्दाचा फरक नाही गं," ते हळूच म्हणाले. "माझंच वाक्य."

"छान आहे," वहिनी विणता विणता म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना पाठवलंत, त्यांनाही असंच वाटलं असेल का हो?"

कलमरावांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"बरं, तेवढा माझा वाचायचा चष्मा वर राहिलाय," वहिनी म्हणाल्या.

ते निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम लागला म्हणून कठड्याला धरलं, तर कठडा हलत होता! कलमरावांचा हात आपोआप खिशातल्या वहीकडे गेला. 'कलम एक,' त्यांनी लिहिलं, आणि पेन थांबलं. याचं उत्तर त्यांना शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पाठ होतं. त्यांनी वही मिटली आणि पायरीवर बसकण मारली.

खालून हाक आली, "अहो, चष्मा आणताय ना?"

कलमरावांनी मान झुकवली.

"नोंद घेतली आहे!"