गणिताच्या बाईंची खोटी तसबीर आणि तिजवरील कायद्याची हकीकत

श्री. खरे बोलणारास नमन, आणि ते ऐकून घेणारास त्याहून मोठे नमन, कां की तो दुर्मीळ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे नांव पुसू नये, चार राज्ये भांडावयास येतील.

तर चित्रे काढणारे यंत्र परमुलखातून आले, आणि ते ज्याच्या त्याच्या मोबाईलात बसले, आणि सांगावे ते चित्र क्षणात काढून देऊ लागले. मग रयत बहुत खूष जाहली, कोणी आपणास हत्तीवर बसविले, कोणी चंद्रावर सासुरवाडी वसविली. येथवर कोणाचे काही बिघडले नाही. परंतु कसब्याच्या शाळेत इंदुमतीबाई गव्हाणकर गणित शिकवीत असत, त्यांनी शाळेचा कारकून रघोजी फडतरे याच्या भाच्यास नापास केले, कां की त्याने पेपर कोराच दिला होता. मग फडतऱ्यास राग आला, आणि त्याने स्नेहसंमेलनातील बाईंची तसबीर यंत्रास दिली, आणि यंत्राने बाईंचा मुखडा परक्या उघड्या देहावर चढविला, आणि ती घाण त्या नीचाने पालकांच्या ग्रुपवर टाकिली. सायंकाळपावेतो अवघा कसबा पाहून चुकला. आणि ज्या पंचांनी फडतऱ्यास शाळेतून काढावयाचे, त्यांनी बाईंस सांगितले की, "चौकशी होईतो आपण घरी बसावे." धन्य ते पंच. चोर सोडून संन्याशास सुळी देणे आमच्या राज्यात नवे नाही.

मग बाई कोतवालीत गेल्या, आणि म्हणाल्या, "ती तसबीर जावी आणि मी पुन्हा वर्गावर उभी राहावी, इतकेच मागणे." कोतवाल पान चघळीत बोलिले, "बाई, तो देह तुमचा काय?" "नव्हे." "मग तुमचे गेले काय?" फडतऱ्यास बोलाविले तो म्हणे, "मी कोठे काढिली? यंत्राने काढिली." यंत्राचा धनी म्हणे, "यंत्र बापडे मुके, सांगितले ते करिते, सांगणारास पुसा." म्हणजे तसबीर जाहली, अब्रू गेली, परंतु करणारा कोणीच नाही. भुतांचेही पाय, उलटे का होईना, दिसतात. यांचे तेही दिसेनात.

बाईंनी हाय खाल्ली नाही. तडक दरबारी गेल्या आणि हात जोडून बोलिल्या, "महाराज, आपल्या राज्यात एका विणकराने दुसऱ्याचा शिक्का आपल्या लुगड्यावर मारिला तर भरपाई द्यावी लागते. लुगडे कोणी विणिले हे तेथे कोणी पुसत नाही. माझे तोंड त्या शिक्क्याहून हलके काय?" न्यायाधीश त्रिंबकशास्त्री म्हणाले, "बाईंचे म्हणणे रास्त आहे." मग महाराजांनी कायदा केला की, ऐशी तसबीर जो काढील, जो पसरवील, आणि कळवूनही जो यंत्रवाला काढून टाकणार नाही, तो प्रत्येक जण त्या बाईस जबाबदार, देह कोणाचा हे विचारू नये, कोतवाल हलो अथवा न हलो, बाईने आपण दावा लावावा आणि भरपाई घ्यावी. लोकांनी जयजयकार केला.

परंतु चिटणीशीची रीत ऐशी की, हुकमास मुद्देमालाची नक्कल जोडल्यावाचून हुकूम कच्चा. सबब चिटणीस बाळाजीपंतांनी 'ऐशी तसबीर कोणी पसरवू नये' या हुकमास तीच तसबीर नमुन्यादाखल जोडिली, आणि मोहोर उठवून तीनशे चावड्यांवर लाविली. जेथे फडतरे पोचला नव्हता, तेथे सरकार पोचले. या अकलेस काय म्हणावे?

मग बाईंनी नव्या कायद्याखाली पहिला दावा लाविला तो सरकारवर. महाराज कष्टी होऊन बोलिले, "बाई, हा कायदा आम्ही तुमच्यासाठीच केला." बाई म्हणाल्या, "होय महाराज. म्हणून तर तो वापरते." शास्त्र्यांनी कलम दोनदा वाचिले, 'जो पसरवील' यात सरकार वगळलेले नव्हते, सबब निकाल बाईंचा जाहला. मग महाराज घोड्यावर आणि चिटणीस पायी निघाले, आणि तीनशे नकला आपल्या हाते उतरविल्या, आणि फडतऱ्याची चाकरी गेली, आणि त्याने व यंत्राच्या धन्याने भरपाई भरिली.

सहा महिन्यांनी बाई शाळेत गेल्या, तो पंच आणि पालक हारतुरे घेऊन दारी उभे होते, आणि जो तो शपथेवर सांगे, "बाई, आम्ही ती पाहिलीच नाही." बाईंनी पुसले, "मग मला घरी कोणी बसविले?" बाई हार न घेता वर्गात गेल्या.

एकंदर मतलब इतकाच की, कायदा जाहला, बाई जिंकल्या, आणि राज्यात पाहणारा एकही निघाला नाही. प्रस्तुत लिहिणाराने ती तसबीर चावडीवर पाहिली, आणि खोटी आहे हे ठाऊक असता मान वळविण्यास उशीर केला. सबब खाली सही केली नाही.