लोड न घेणारे भिंगारदिवे

भिंगारदिवे ताण घालवायला बसले की आमच्या अख्ख्या कारखान्याला ताण यायचा.

नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ते हजेरी बघायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या हेड ऑफिसला अचानक कामगारांच्या मनाची काळजी वाटू लागली आणि तणावमुक्तीचे धडे इंटरनेटवरून येऊ लागले. टेलिफोनची लाइन एकच. धडा चालू असला की फोन बंद. माल अडकलेला, ट्रकवाले खोळंबलेले, मॅनेजर साहेब लालबुंद. भिंगारदिवे मात्र संगणकाच्या एसी खोलीत, बूट-मोजे बाहेर काढून, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत बसलेले. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "लोड घ्यायचा न्हाई, साहेब!"

धडे खरं तर प्रत्येक कामगारानं घ्यायचे होते. पण मशीन सोडून येतो कोण? "तुमी जा कामाला, मी बघतो," म्हणत भिंगारदिव्यांनी एकेकाच्या नावानं धडे उरकायला घेतले. सगळ्यांच्या वाटचे श्वास ते एकटेच घेऊ लागले.

एक दिवस लाइन चुकून मोकळी होती, तेव्हा मुंबईहून फोन आला. धड्याच्या शेवटी संगणक विचारायचा, 'संध्याकाळी घरी गेल्यावर कसं वाटतं?' खाली चार पर्याय. नगरच्या यच्चयावत कामगारांनी एकच निवडला होता: 'एकटं वाटतं.'

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. लेथवरचा शेख तर हसतच सुटला. "मी आन् एकटा? आमच्यात न्हानीत जायलाबी नंबर लावावा लागतो!"

सगळे हसले. भिंगारदिवे खाली बघत म्हणाले, "इतक्या आपुलकीनं इचारतंय ते. त्याला खोटं कसं सांगायचं? धडे बंद नका करू, साहेब."

हसणं थांबलं. त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी कर्जतला दिलेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण विचारलं होतं फक्त संगणकानं. मला फार वाईट वाटलं.

धडे त्याच दिवशी बंद झाले.

संध्याकाळी सुटी झाल्यावर शेख त्यांच्या टेबलाशी थांबला. "काय भिंगारदिवे, कसं वाटतंय?"

ते गडबडले. सवयीनं म्हणाले, "पर्याय सांगा की."

"एकच हाय. आमच्या घरी जेवायला चला."

भिंगारदिव्यांनी पेन खिशाला लावलं. बराच वेळ चष्मा पुसला. मग हळूच विचारलं, "भाभीला लोड तर न्हाई ना व्हायचा?"