कौतिकभाऊंची घरबसल्या सुट्टी

"सिंगापुरात पाहण्यासारखं असतं काय, ते मला एकदा कोणीतरी सांगा," असं म्हणून कौतिकभाऊ बोरसे यांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि कोणी सांगायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. "इमारती! उंच उंच इमारती. मान वर करून पाहायच्या, आखडली की परत यायचं. मान आखडून घ्यायला विमान कशाला लागतं?"

मंदाबाई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "सिंगापूर नको म्हणा, पण तोरणमाळ तरी?"

"तोरणमाळला काय आहे? तळं. आणि आपल्या नकाण्याच्या तलावात काय दूध आहे?"

मंदाबाईंनी एक शेंग जरा जोरात मोडली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात कौतिकभाऊंनी महाराष्ट्रातलं एकेक ठिकाण असंच निकालात काढलं होतं. महाबळेश्वरला धुकं असतं, म्हणजे काही दिसतच नाही. मुंबईला घाम येतो, तो घरीही येतो. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क असलेल्या या गृहस्थाने आयुष्यात केलेला मोठा प्रवास म्हणजे साक्रीजवळच्या खेड्यातून धुळ्याला येणं. तेवढं देशांतर त्यांना जन्माला पुरलं होतं.

या वेळी त्यांच्या तिरस्काराला धार चढली होती, त्याचं कारण शेजारी राहत होतं. मगनशेठ. त्यांचं आग्रा रोडवर पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. सगळ्यात जास्त पंप विकले म्हणून कंपनीने त्यांना सपत्नीक आठ दिवस सिंगापूरला पाठवायचं ठरवलं होतं. तेव्हापासून महिनाभर देवपुरातल्या त्या कॉलनीत दुसरा विषय नव्हता. मगनशेठनी कोट शिवला होता. पुष्पाबाईंनी लुगड्याखाली घालायला बूट आणले होते आणि ते सवय व्हावी म्हणून अंगणात घालून त्या तुळशीला फेऱ्या मारत होत्या.

निघायच्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, मगनशेठ तो कोट घालून जीपजवळ उभे राहिले. दुकानातल्या माणसांनी गळ्यात हार घातले. घामाने कॉलर भिजून हारांचा रंग कोटाला लागत होता.

"कौतिकभाऊ, तुम्ही आहातच घरी," त्यांनी पुढच्या कुलपाची किल्ली हातात ठेवली. "झाडांना तेवढं पाणी घाला."

"घालतो ना. आम्ही घरीच आहोत!" कौतिकभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उद्यापासून दहा दिवस अर्जित रजा टाकली आहे. घरी बसणार, रस खाणार, दुपारी झोपणार. बायको-पोरीबरोबर सुट्टी घालवायला ज्याला घर पुरत नाही, त्याला जग तरी कसं पुरणार?"

वाक्य झकास जमलं होतं. इतकं, की आठवड्यापूर्वीच त्यांनी ते एका पोस्टकार्डावर लिहून गावाकडे आपल्या फुईला, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीला, धाडलं होतं. 'लोक परदेशी चालले आहेत. मी मात्र दहा दिवस घरीच आहे,' असं त्यात शेवटी होतं.

रजेचा पहिला दिवस, शनिवार, खरंच छान गेला. कौतिकभाऊंनी कूलरमध्ये पाणी भरलं, दोन वाट्या रस जास्त घेतला आणि पेपर तोंडावर घेऊन तीन तास झोप काढली. उठल्यावर मुलीला, सुनंदाला, हाक मारून विचारलं, "काय, आहे की नाही मजा?"

"तुम्ही झोपला होतात," सुनंदा म्हणाली. "मी आणि आई भांडी घासत होतो."

रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आधी गव्हाचं अर्धं पोतं उतरलं, मग पितळी पातेलं, मग द्रौपदा फुई आणि तिच्यामागे तिचा दीर झिपरू.

"भाऊ, तुनं कारड वाचं," फुई उंबऱ्यातूनच म्हणाली. "मन म्हने, पोऱ्या एवढा बलाई ऱ्हायना, तर जाई येऊत."

"मी कुठं बोलावलं..." एवढं कौतिकभाऊंच्या ओठापर्यंत आलं; पण फुईने लहानपणी त्यांना कडेवर खेळवलं होतं, आणि ते ती दर भेटीत चारचौघांत सांगत असे. त्यांनी पोतं आत ओढलं.

गहू आले होते ते कुरडयांसाठी. गावच्या घराला कौलं होती आणि भाऊच्या घराला गच्ची. "तुनी गच्ची चांगली शे. आठेच घालूत," असं म्हणून फुईने गहू भिजत टाकले. झिपरू आला होता कवळी बसवायला. दातांच्या डॉक्टरकडे चार खेपा घालाव्या लागणार होत्या. एरवी त्याच्याबरोबर जायला कोणाला वेळ होता? आता भाऊ मोकळाच होता.

सोमवारी ऑफिसचा शिपाई तोताराम दोन फायली घेऊन आला.

"अरे, मी रजेवर आहे!"

"ते साहेबांना म्हाईत आहे," तोताराम खुर्चीत बसत म्हणाला. "साहेब म्हणे, रजेवर सगळेच आहेत. पण कोणी नाशिकला गेलंय, कोणी पुण्याला. बोरसे घरीच आहेत, त्यांच्याकडे जा. आणि साहेबांनी विचारलंय, उद्या पण फायली पाठवू का?"

मंगळवारी फुईची नणंद आणि तिची सून आल्या, कारण कुरडया पाडायला बायका कमी पडत होत्या. बुधवारी त्या सुनेचा नवरा आला, कारण घरी स्वयंपाकाला कोणी नव्हतं. एकेकाचं येणं ऐकलं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. मंदाबाई पहाटेपासून चीक ढवळत होत्या, दुपारी आठ पानं वाढत होत्या. कूलरसमोर झिपरू झोपत असे, कारण त्याच्या हिरड्यांना गार वारा बरा वाटे.

आणि अर्जित रजेचे मालक गच्चीवर होते. डोक्याला ओला पंचा गुंडाळून, हातात बांबू घेऊन ते कुरडयांवरचे कावळे हाकत होते. ऊन चव्वेचाळीसवर गेलं होतं.

"अहो, घरच्या सुट्टीत आणखी एक चहा टाकू का?" मंदाबाईंनी खालून विचारलं. आवाज गोड होता. कौतिकभाऊंनी कावळ्याला फार घाण शिवी दिली.

गुरुवारी गाद्या कमी पडल्या. "पुष्पाताई सांगून गेल्यात, लागल्या तर आमच्या घ्या," मंदाबाई म्हणाल्या. "किल्ली आहे तुमच्याकडे. जा, दोन आणा."

इतके दिवस कौतिकभाऊंनी बाहेरूनच झाडांना पाणी घातलं होतं. आज प्रथमच त्यांनी पुढचं कुलूप काढलं. दार लोटताच आतून थंडगार वारा अंगावर आला, वाळ्याच्या वासाचा. घरात कूलर चालू होता. चोर कूलर लावून बसत नाहीत, असा विचार करून ते चार पावलं पुढे गेले, आणि थबकले.

खिडक्यांना पडदे होते. खाली चटईवर लुंगी-बनियनमध्ये मगनशेठ बसले होते आणि समोर पुष्पाबाई. मध्ये पत्त्यांचा डाव आणि रसाचं पातेलं.

पुष्पाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"दार लावा आधी," मगनशेठ दबक्या आवाजात म्हणाले.

हकीगत लहान होती. निघायच्या दिवशी पुष्पाबाईंनी दोन्ही पासपोर्ट देवघरात ठेवून त्यांची पूजा केली होती. पान उघडून हळदकुंकू वाहिलं होतं, पळीभर पाणी सोडलं होतं आणि तसेच एकात एक मिटून पिशवीत घातले होते. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ते उघडले, तेव्हा मगनशेठच्या फोटोत चेहऱ्याच्या जागी एक लाल गोळा होता आणि पुष्पाबाईंचा फोटो सुटून त्याच गोळ्याला चिकटला होता. बाकीचे पंपवाले उडाले. हे दोघं परत आले आणि झुंजूमुंजू होताना मागच्या दाराने आपल्याच घरात शिरले.

"कौतिकभाऊ, हात जोडतो," मगनशेठ म्हणाले. "गळ्यात हार घालून गेलो मी. आता आग्रा रोडवर तोंड कसं दाखवू? सोमवारपर्यंतचे दिवस निघू द्या. मग आलो म्हणून सांगतो."

कौतिकभाऊंच्या आयुष्यातला हा सोन्याचा क्षण होता. सिंगापूर चटईवर बसलं होतं. आता खदखदून हसायचं आणि गच्चीवर जाऊन अख्ख्या कॉलनीला ओरडून सांगायचं, एवढंच बाकी होतं. त्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात कूलरचा झोत वळला आणि दोन-तीन दिवसांच्या उन्हाने करपलेल्या त्यांच्या मानेवर बरोबर येऊन बसला.

"मगनशेठ," ते म्हणाले, "जरा टेकू का?"

ते दीड तास टेकले. पुष्पाबाईंनी वाटीभर रस दिला. कोणी हाक मारली नाही, फाईल आली नाही, कवळी नाही, कावळा नाही.

"खरं सांगू?" मगनशेठनी पत्ते पिसत कबुली दिली. "वीस वर्षांत दुपारी झोपलो नव्हतो. आता रोज झोपतो. आम्ही इथे नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत आहे ना. आत बसून इतकं बरं वाटतंय की काय सांगू!"

हे ऐकून कौतिकभाऊंना आनंद व्हायला हवा होता. शेवटी घरच्या सुट्टीची थोरवी हेच तर ते महिनाभर गात होते. पण त्यांना फक्त संताप आला. त्यांची सुट्टी, त्यांच्याच शब्दांत सांगितलेली, जशीच्या तशी हा पंपवाला उपभोगत होता आणि ते स्वतः बांबू घेऊन उन्हात उभे होते. त्यांनी दोन गाद्या उचलल्या आणि "उद्या झाडांना पाणी घालायला येईनच," असं बजावून निघाले.

शुक्रवारी पाणी घालायला त्यांना दोन तास लागले. शनिवारी जेवण झाल्याबरोबर ते पुन्हा निघाले, तेव्हा मंदाबाईंनी घासायला घेतलेलं चिकाचं पातेलं खाली ठेवलं.

कौतिकभाऊ मगनशेठच्या हातातली राणी मारत होते, त्या वेळी दार उघडलं. मंदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. कोपरापर्यंत चीक वाळलेला, कपाळावर पीठ. मागे सुनंदा होती, काखेत उशी घेऊन.

पुष्पाबाई रडायला लागल्या, मगनशेठनी हात जोडले आणि पासपोर्टची सगळी कहाणी पुन्हा एकदा सांगितली. मंदाबाईंनी ती उभ्यानेच ऐकली. त्यांची नजर पातेल्यावरून कूलरवर, कूलरवरून नवऱ्यावर आली.

"मी ओरडणार नाही," त्या म्हणाल्या. "पुष्पाताई, रस आहे का अजून?"

"आहे ना! बसा, बसा."

मंदाबाई कूलरच्या अगदी समोर बसल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटले. सुनंदाने शेजारी उशी टाकली.

"अगं, तिकडे घरात..." कौतिकभाऊ म्हणाले.

"तिकडे तुम्ही जा. साखर वरच्या डब्यात आहे. फुईंना चारला चहा लागतो, झिपरूमामांना खिचडी पातळ लागते. आंघोळीचं पाणी सकाळी सहाला भरून ठेवा."

"आणि तू?"

"मी सोमवारी येईन," मंदाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "घरची सुट्टी तुम्हाला आवडते ना? घ्या. मला बाहेरची चालेल."

मगनशेठ छताकडे पाहत राहिले. कौतिकभाऊ उठले, बाहेरून कुलूप लावलं आणि पाय ओढत घराकडे चालू लागले.

घरी मात्र वेगळंच चित्र होतं. अंगणात बोचकी बांधून पडली होती. वाळलेल्या कुरडया पिंपात भरल्या होत्या आणि झिपरू नव्या कवळीने सगळ्यांकडे पाहून हसत होता. काम उरकलं होतं. पाहुणे पाचच्या साक्री गाडीने निघाले होते, सगळेच्या सगळे!

कौतिकभाऊंच्या अंगात एकदम बळ आलं. त्यांनी स्वतः दोन बोचकी उचलली, "चला, चला, जागा मिळणार नाही," म्हणत फाटकापर्यंत नेली. अजून दोन दिवस रजा होती. कूलर मोकळा होणार होता. आता फक्त रिक्षा बोलवायची होती.

मंदाबाईंना शोधत फुई पायरीवर थांबली. "सूनना पाया पडाना बाकी शे. सून कथा गयी?"

"सून?" कौतिकभाऊ गडबडले. माहेरी म्हणावं, तर माहेरची माणसं फुईच्या गावातलीच. बाजारात म्हणावं, तर ती परत येईपर्यंत फुई थांबणार. शेजारच्या बंद घरावरून नजर काढायचा ते प्रयत्न करत होते आणि तोंडातून शब्द निघून गेला. "सिंगापूरले."

झिपरूने कवळी मिटली.

"सिंगापूरले?" फुईने छातीवर हात ठेवला. "कोनासंगे?"

"मगनशेठना घरनी बाई शे ना, पुष्पाबाई. तिनासंगे. सुनंदा बी गयी."

"कव्हय येई?"

"सोमवारी," कौतिकभाऊ घाईने म्हणाले. "तुम्ही निघा, गाडी चुकेल."

फुईचे डोळे भरून आले. तिने पुढे होऊन त्यांच्या हातातली दोन्ही बोचकी काढून घेतली, परत उंबऱ्याच्या आत ठेवली आणि मागे वळून म्हणाली, "झिपरू, पिशव्या मझार ठेव. मना पोऱ्याले एकला टाकीसन बायको परदेश गयी. सून येस तवलगून आपन बठ्ठा आठेच ऱ्हाऊत."