ट्रायल गोळपपर्यंत

तात्या दुरुस्त केलेली गाडी गिऱ्हाइकाला लगेच देत नसत. आधी ती खाडीपलीकडच्या गोळप गावी नेत. हॉर्नची वायर असो की मागच्या दिव्याची, ट्रायल गोळपपर्यंत. रत्नागिरीत गाड्यांचं वायरिंग करणारे आणखी दोघे होते. त्यांची ट्रायल गल्लीच्या टोकाला संपायची.

ऐंशीच्या दशकात मी तिथे वार्ताहर होतो. माझ्या जुन्या गाडीत उंदीर शिरला आणि इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची वायर कुरतडून गेला. डॅशबोर्डवरचा काटा तळाला पडला. "इंजिन थंड राहतंय, बरंच झालं," मी तात्यांना म्हणालो.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पेपरवाले, काटा पडला म्हणून इंजिन थंड समजू नका. आधी वायर बघा."

हे वाक्य ते प्रत्येकाला ऐकवत. मग वायरींचा जुडगा सोडून त्यांनी कुरतडलेला तुकडा कापला, नवा घातला, दोन्ही टोकांना कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. नवी वायर त्याच रंगाची हवी म्हणून मला दोन दिवस थांबवलं होतं. "रंग बदलला तर पुढचा माणूस फसेल."

नेहमीप्रमाणे गाडी तेच चालवत होते. भाट्याचा पूल ओलांडला, चढाला काटा हलला. "बोलला!" तात्या म्हणाले.

"मग वळवा की."

"इंजिन अजून पुरतं तापलं नाय."

गोळपला एका घराच्या गडग्यापाशी, जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीपाशी, ते थांबले. आत त्यांचे थोरले भाऊ अण्णा एकटे राहत. हाच गडगा हातभर सरकवण्यावरून दोघांचं बिनसलं होतं. अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दर ट्रायलला तात्या इथे हॉर्न दाबत. पडवीतून अण्णा ओरडत, "मेल्या, हॉर्न फुकटचा मिळालाय काय?" तात्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आवाज ठीक आहे. चला."

ते हॉर्नबद्दल बोलतात, असंच सगळी गिऱ्हाइकं समजत. मीही.

त्या दिवशी हॉर्न वाजला, आतून काही आलं नाही. पुन्हा वाजवला. दार उघडंच होतं.

"बाजारात गेले असतील," मी म्हणालो.

तात्यांचा हात हॉर्नवरच होता. "काटा पडला म्हणून..." एवढंच म्हणाले आणि उतरले. चपला गाडीतच राहिल्या. अकरा वर्षांत न ओलांडलेला गडगा त्यांनी ओलांडला. मी मागोमाग गेलो.

अण्णा खाटेवर बसले होते, गळ्याभोवती मफलर. भावाला बघून बोलले, पण आवाज जेमतेम फुटला.

"घसा बसलाय, मेल्या. बुधवारी ये, देतो शिव्या."

तात्या उंबऱ्यावरच खाली बसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "वायरच होती."

मग उठून ते चुलीपाशी गेले, पाण्याचं भांडं ठेवलं आणि पाठमोरेच म्हणाले, "अण्णा, मीठ कुठे ठेवतोस?"